माधुकरी आणि मजुरी

आमच्या वाकोल्यांतील विद्यार्थ्यास शालान्त परीक्षा उतरल्यावर विद्यापीठाच्या शोधार्थ दूर जावें लागत नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचें कलिना येथील विद्यानगरी हें विस्तीर्ण आवार आमच्या वस्तीस लागूनच आहे. तेथवर पायीं जाण्यास थोडीं मिनिटें पुरतात; शुल्क, पुस्तकें व घरखर्च यांची जुळवाजुळव करण्यास मात्र कित्येक घरांस सबंध वर्ष पुरत नाहीं.

मागील पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां पदवीच्या दुसऱ्या वर्गांत आहे. उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें दोन महिने एका व्यापारी पेढीच्या याद्या संगणकावर उतरवून देण्याचें काम केलें होतें. काम संपल्यावर पेढीनें त्याच्या हातीं एक सुबक प्रमाणपत्र दिलें. पैसा एकहि दिला नाहीं. "सर, हें शुल्काच्या खिडकींत घेतील का हो?" असें त्यानें हंसत विचारलें. त्या हंसण्यानें आम्हांस फार वाईट वाटलें. विद्यार्थ्यानें शिकत असतां थोड्या मुदतीचें काम वेतन घेऊन करावें काय, व करावें तर कोणत्या अटींवर, याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत आहे.

गरीब मुलानें शिकावें कसें, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. जुन्या काळीं पुण्यासारख्या ठिकाणीं विद्यार्थी वार लावून जेवीत, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांस सात घरें ठरवून घेत. किंवा झोळी घेऊन माधुकरी मागत. ह्या रीतीनें शिकून मोठे झालेले पुरुष थोडे नव्हेत, व त्यांच्या पानांत अन्न वाढणाऱ्या माउलींचे उपकार कोणी विसरूं नयेत. तथापि ही सोय बहुतांशीं ब्राह्मण मुलांपुरतीच होती. कुणब्याच्या पोरास किंवा अस्पृश्य गणलेल्या जातींतील मुलास तीं दारें बंद होतीं. शिवाय ज्यास वार मिळे, त्यासहि मान खालीं घालून जेवावें लागे.

हें कोडें सोडविण्याचा मोठा यत्न साताऱ्याकडे झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले ह्या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. स्वतः भाऊराव एके काळीं साताऱ्यास शिकवण्या करून निर्वाह करीत व लोक त्यांस 'पाटील मास्तर' म्हणत. पुढें किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गांवोगांव हिंडले. श्रमाचा पैसा कसा मिळतो, हें त्यांस पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं. त्यांच्या वसतिगृहांत नाना जातींचीं मुलें एकत्र राहत, आपलें अन्न आपण शिजवीत, पाणी भरीत, शेतींत राबत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें ह्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. एकदां घरांत धान्य नाहींसें झालें, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि, मोडून मुलांस जेवूं घातलें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. मुलांच्या घामावरच सर्व खर्च भागत असे, असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नाहीं. विद्यार्थ्याची मजुरी त्याच्या शिक्षणास हातभार लावते, सर्व भार उचलीत नाहीं. उरलेला कोणीतरी वडीलधाऱ्यानें उचलावा लागतो.

१९४७ सालीं संस्थेनें साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें व 'कमवा आणि शिका' हें तत्त्व उच्च शिक्षणांत आणिलें. पुढें १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां त्याचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं हीच योजना तेथें रुजविली. आणि पुण्याच्या विद्यापीठांतील योजनेस तर कर्मवीरांचेंच नांव आहे. तिची रीत साधी आहे. गरजू विद्यार्थी अर्ज करतो; निवड झाल्यास त्यास ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बाग यांपैकीं एखाद्या ठिकाणीं रोज थोडे तास काम मिळतें; हजेरी मांडली जाते व तासाच्या दरानें पैसे मिळतात. रक्कम लहान असते. तीवर कोणी श्रीमंत होत नाहीं. परंतु खानावळीचें देणें किंवा परीक्षेचें शुल्क तींतून भागूं शकतें.

अशाच योजनेखालीं आम्हीहि कॉलेजांत असतां ग्रंथालयांत पुस्तकें जागीं लावीत होतों. खरें सांगावयाचें तर पहिले पंधरा दिवस आम्हांस लाज वाटे. कोणी वर्गमित्र पुस्तक मागावयास आला कीं आम्ही कपाटाआड होत असूं. ग्रंथपाल मोठे करडे होते. एकदां आम्ही एक पुस्तक भलत्याच फळीवर ठेविलें, तेव्हां ते म्हणाले, "चुकीच्या जागीं ठेवलेलें पुस्तक चोरीस गेल्यासारखेंच, चोर निदान तें वाचील तरी." ८९१·४६ ह्या आंकड्याखालीं मराठी वाङ्मय असतें व ९५४ खालीं हिंदुस्थानचा इतिहास, हें आम्हांस त्या कामांत कळलें; आणि त्या आंकड्यांच्या वाटेनें जातां जातां जीं पुस्तकें हातीं लागलीं, त्यांतील कांहीं आम्ही आजहि वर्गांत मुलांस वाचून दाखवितों. मजुरी मिळाली ती केव्हांच खर्च झाली.

परदेशांतहि ह्या विचारास जुनी परंपरा आहे. अमेरिकेंत केंटकी प्रांतांत बेरिया नांवाचें कॉलेज १८५५ सालापासून चाललें आहे. तेथें विद्यार्थ्याकडून शिकवणीचें शुल्क घेत नाहींत. मात्र प्रत्येकानें, मग तो कोणीहि असो, आठवड्यास निदान दहा तास काम करावें असा दंडक आहे. 'प्रत्येकानें' ह्या शब्दांत मोठें शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. जेथें फक्त गरिबानेंच झाडू घ्यावयाचा, तेथें झाडूस कमीपणा चिकटतोच.

नव्या युगांतील उदाहरण पाहावयाचें तर 'गुगल समर ऑफ कोड' ह्या उपक्रमाचें पाहावें. तो २००५ सालीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठीं सुरू झाला. सर्वांस मोकळ्या असलेल्या संगणक-आज्ञावलींत कांहीं नेमकी सुधारणा करण्याचा लेखी आराखडा विद्यार्थ्यानें पाठवावयाचा; तो पसंत पडल्यास त्यास एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो, मध्यंतरीं व अखेरीस कामाची तपासणी होते, आणि तपासणींत उतरल्यावर पैसे मिळतात. घरीं बसून हें काम करतां येतें, व भारतांतील मुलांनीं त्यांत मोठ्या संख्येनें भाग घेतला आहे. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या, परंतु अठरा वर्षें पुरीं झालेल्या नवशिक्यांसहि त्यांत प्रवेश आहे. मोबदल्याची रक्कम मात्र देशागणिक निराळी असते. तेथील महागाईवरून ती ठरवितात. काम एक आणि दाम दोन, हें आम्हांस पुरतें पटत नाहीं; तथापि रक्कम आधीं जाहीर होते, हा गुण कबूल केला पाहिजे.

आतां दुसरी बाजू. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें वर्गांत शेंकडा ७५ हजेरी लागते. रात्रीं बारा-एकपर्यंत दुचाकीवरून लोकांच्या घरीं जेवण पोंचविणारा मुलगा सकाळीं सातच्या तासास डोळे उघडे ठेवूं शकत नाहीं. तो पैसे मिळवितो व वर्ष गमावितो. ज्या कामानें परीक्षाच हातची जाते, तें त्याच्या शिक्षणास काय हातभार लावणार? नव्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासहि श्रेयांक ठेविले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु श्रेयांक मिळतो म्हणून वेतन मिळेलच असें नाहीं, आणि 'अनुभव देतों' ह्या दोन शब्दांवर तरुणांकडून फुकट राबवून घेणारे लोक पुष्कळ आहेत. ज्या कामाचा पेढीस पैसा मिळतो, त्याचा कांहीं अंश तें करणाऱ्यास मिळालाच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्हांवर प्रसंग येईल तेव्हां काम हातीं घेण्यापूर्वींच विचारा : नेमकें काय करून द्यावयाचें, तें केव्हां संपावयाचें, पैसे किती व कोणत्या तारखेस? उत्तर कागदावर घ्या. तोंडीं उत्तरानें आमचा विद्यार्थी फसला. हेंहि पाहा कीं काम शिकविणारा कोणी तेथें आहे काय. आणि जो उलट तुमच्याकडूनच नांवनोंदणीची रक्कम मागेल, त्याच्या पायरीवरूनच परत फिरा. तुमच्यांपैकीं बहुतेकांचें वय अजून ह्यास पुरेसें नाहीं. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावणें कायद्यानें मना आहे, व २०१६ च्या दुरुस्तीनें अठरा वर्षांखालील मुलांस धोक्याच्या कामांची मनाई झाली आहे. तूर्त घरचें पाणी भरा व धाकट्या भावंडांचा अभ्यास घ्या, तेवढें पुरे.

त्या विद्यार्थ्यानें आमच्या सांगण्यावरून पेढीस दोनदां पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं. दिवाळीनंतर त्यास आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयांत रोज दोन तासांचें काम मिळालें. ह्या सत्राचें शुल्क त्यानें अर्धें स्वतः भरलें, अर्धें त्याच्या आईनें. मागच्या रविवारीं तो रस्त्यांत भेटला, तेव्हां आम्ही त्यास मराठी वाङ्मयाचा आंकडा विचारला. त्यानें तो न अडखळतां सांगितला.