पाच मिलिव्होल्टची मिजास

लग्नाच्या मांडवात भोंग्यावर तबकड्या वाजायच्या, तेव्हा फोनो प्रीअँप कुणाला ठाऊक नव्हता. जुन्या प्लेअरांत बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. ते शेकडो मिलिव्होल्ट द्यायचं. वायर रेडिओच्या मागच्या भोकात खोचली की झालं काम.

आता चांगलं टर्नटेबल घ्यावं तर मॅग्नेटिक कार्ट्रिज पदरात पडतं, आणि त्याचे जेमतेम पाच मिलिव्होल्ट. त्यातही तबकडी कोरतानाच खर्ज दाबलेला नि तारस्वर चढवलेले असतात. नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसतील आणि तारस्वर खरखरीत बुडतील. या चढउताराचं माप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘रिआ’ने, १९५४ साली ठरवलं. प्रीअँपने हा क्षीण सिग्नल वाढवताना तेच उलटं लावायचं.

घरी बांधायचा तर पाच-पंचवीस रुपयांची ५५३२ आयसी पुरते. महागड्या आयसीचा सोस मला फारसा पटत नाही. सगळी करामत तिच्याभोवतीच्या चार भागांत आहे. १० नॅनोफॅरडला समांतर ७.५ किलोओहम, ३६ नॅनोफॅरडला समांतर ८८.३ किलोओहम, आणि या दोन जोड्या एकापुढे एक. खाली १०० ओहम लावला की १००० हर्ट्झला जवळपास शंभरपट वाढ मिळते. ३६ नॅनोफॅरडचा कपॅसिटर दुकानात सहसा नसतोच. मग अंगावर ‘३३३’ आणि ‘३३२’ छापलेले दोन समांतर डकवायचे. छाप्यावर मात्र भरवसा नको. दहा टक्के इकडेतिकडे सर्रास असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मूठभर मागवावेत, मीटरवर मोजावेत आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखे निघालेलेच लावावेत.

खरी कसोटी गुणगुणीची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि रिआचं माप नेमकं तिथेच सुमारे १७ डेसिबल जादा उचलतं. म्हणजे शंभरपट नव्हे, सातशेपट! आमच्या कळंबच्या काळ्या मातीला वैशाखात भेगा पडल्या की पहिला संशय अर्थिंगच्या खड्ड्यावर जातो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावंच, ते जिवाच्या काळजीपोटी. गुणगुणीचं मूळ मात्र बहुतेकदा आपल्याच जोडणीत सापडतं: अर्थ दोन वाटांनी जोडलेला असतो, किंवा ट्रान्सफॉर्मर आयसीच्या उशाशी बसवलेला असतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत ठेवावा, सगळे अर्थ एकाच बिंदूवर आणावेत आणि टर्नटेबलची बारीक अर्थवायर प्रीअँपच्या स्क्रूला कसावी.

तपासताना सुई उचलून आवाज नेहमीइतका चढवावा. ‘घर्रर्र’ असा १०० हर्ट्झचा कर्कश सूर आला तर पॉवर सप्लायकडे बघावं. ‘घूंऽ’ असा खालचा सूर असेल तर ट्रान्सफॉर्मरची पेटी हातभर दूर सरकवावी. फरक पडला तर तिला तिथेच राहू द्यावं. नाही पडला तर अर्थच्या वायरी एकेक करून शोधत बसावं.