नदीकाठचा जिल्हा आणि बांधीतील पाणी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पश्चिम सीमेवरून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते व पुढे हाच प्रवाह प्राणहिता या नावाने सिरोंचाजवळ गोदावरीस मिळतो. आग्नेयेस इंद्रावती आहे. इतक्या नद्या असूनही येथील पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती वर्षाकाठी धानाचे एकच पीक येते. असे का व्हावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ आहे. म्हणजे दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५ आहे. बहुतेक भूमी वनाच्छादित, गावे लहान व दूरदूर. नदीचे पात्र शेताहून खोल असते. ते पाणी उपसून विखुरलेल्या बांध्यांपर्यंत नेणे खर्चाचे होते, आणि कालव्यासाठी वनजमीन लागल्यास १९८० च्या कायद्यान्वये केंद्राची संमती घ्यावी लागते. पाऊस भरपूर, परंतु तो चार महिन्यांत पडून उतारावरून वाहून जातो. धान पोटरीत असताना पावसाने ओढ दिली, तर नदी भरलेली असूनही पीक वाळते.

पूर्वजांनी यावर उपाय योजला होता. शेताच्या वरच्या अंगास बोडी व गावाच्या वर तलाव बांधून पाणी अडविले जाई; ते उताराने आपोआप बांधीत उतरे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व मालगुजारी तलाव शासनाकडे आले. त्यांपैकी अनेक आज गाळाने उथळ झाले आहेत.

म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बोडीतील गाळ उन्हाळ्यात, तेंदूपानाच्या हंगामाआधी काढावा. त्या हंगामात मजूर मिळत नाहीत. पाळ व सांडवा पावसापूर्वी दुरुस्त करावा. सांडवा बुजला तर पाळ फुटते व खालच्या शेजाऱ्याचीही बांधी वाहून जाते. भारी जमिनीत धान कापणीपूर्वी, ओल असतानाच जवस किंवा लाखोळी उतेरा पद्धतीने फेकून पेरावी. तिला वेगळी नांगरणी लागत नाही. हलक्या जमिनीत ओल टिकत नसल्याने तेथे हा प्रयोग करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक बोडीची नोंद करून तिची पाळ, सांडवा व गाळ यांची पाहणी ग्रामसभेपुढे ठेवावी. नदी सीमेवरून वाहत जाईलच. शिवारात पडलेले पाणी शिवारात राखणे मात्र गावाच्या हाती आहे.