गाय हाडूक का चघळते?

कडोदऱ्याला महामार्गाच्या कडेला एखादी गाय हाडूक चघळताना दिसते. पाहणारे नाक मुरडतात. आमच्या शेजारच्या एका मावशींनी तर ‘गाय बाटली’ म्हणून गवळ्याचे दूधच बंद केले. गवळ्याने गाईला झोडपले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्राणिशास्त्रात लुडबुड का करावी, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न मुळात जमाखर्चाचाच आहे.

शाकाहारी आणि मांसाहारी असे प्राण्यांचे दोन कप्पे आपण शाळेत पाठ करतो. निसर्ग मात्र इतका काटेकोर नाही. साळिंदर जंगलात पडलेली हाडे व शिंगे कुरतडते. दाणे टिपणारी चिमणी पिलांना अळ्या भरवते. स्कॉटलंडच्या रम बेटावरील तांबडी हरणे समुद्रपक्ष्यांच्या पिलांची डोकी व पाय खातात, तर फौला बेटावरील मेंढ्याही असेच करतात. रॉबर्ट फर्नेस या शास्त्रज्ञाने १९८८ साली हे प्रसिद्ध केले. तेथील चाऱ्यात खनिजे अपुरी असतात आणि ती तूट पिलांच्या हाडांतून भरून निघते, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता गाईचे खाते पाहू. एक लिटर दुधाबरोबर सुमारे एक ग्रॅम स्फुरद बाहेर जाते. आठ लिटर दूध देणारी गाय रोज आठ ग्रॅम केवळ दुधातच खर्च करते. कोंडा व पेंड यांत स्फुरद भरपूर असते. वाळल्या वैरणीत व उसाच्या वाढ्यांत ते फार कमी. जमा कमी आणि खर्च चालूच, तेव्हा गाय स्वतःच्या हाडांतील शिल्लक मोडते. तीही पुरेना, की ती दुसऱ्याची हाडे शोधू लागते.

हे चघळणे जिवावरही बेतते. कुजलेल्या सांगाड्यात बोट्युलिनम जंतूंचे विष असू शकते. त्याने जनावर लुळे पडते व बहुधा मरते. दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी शंभर वर्षांपूर्वी हीच साखळी उलगडली: जमिनीत स्फुरद नाही, म्हणून गवतात नाही, म्हणून गुरे हाडे खातात आणि विषाने मरतात. राजस्थानात जैसलमेरकडील ‘कर्रा’ रोगाचा संबंधही अशाच हाडे खाण्याशी जोडला जातो.

उलट, माणसाने नफ्यासाठी गुरांना मांस-हाडांची भुकटी चारली, तेव्हा काय झाले? ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंच्या मेंदूचा भयंकर रोग ओळखला गेला आणि १९८८ साली असा खुराक गुरांना देण्यावर बंदी आली.

म्हणून हाडूक चघळणारी गाय बाटलेली नसते. तिला काहीतरी कमी पडत असते. कधी पोटातले जंतही कारण असतात, तेव्हा पशुवैद्याला दाखवावे. आंबोणात कोंडा, पेंड आणि थोडे खनिज मिश्रण द्यावे, मेलेल्या जनावरांची हाडे उघड्यावर टाकू नयेत. खात्यात तूट आली म्हणून कोणी वहीला मारत नाही. मग मुक्या जनावराला काठी कशाला?