हळदीच्या हिशेबातील जादा रकाना

तुळजापूर-नागपूर आणि अकोला-नांदेड हे दोन राष्ट्रीय महामार्ग जेथे एकमेकांस मिळतात, त्या वारंगा फाट्याच्या मुलखात हळदीचे पीक मोठे. आणि हळदीची खरेदी करणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने आपले दप्तर संगणकाच्या स्वाधीन केले, की त्यास लवकरच आढळते की तयार प्रणालीत मालाचे नाव, वजन, दर व रक्कम यांची तजवीज असली, तरी मालाची प्रत कांडी की गट्टू, ओलावा किती, कट्टे किती, या ज्या गोष्टींवर भाव ठरतो त्यांस तेथे जागाच नसते. १९८६ पासून चालत आलेल्या टॅलीसारख्या प्रणालीत असे रकाने मागाहून जोडता येतात, मात्र ते बहुधा एका पूरक आज्ञावलीमार्फत. ती काढून टाकल्यास नोंदी नष्ट होत नाहीत, केवळ दिसेनाशा होतात, आणि मालक विनाकारण हवालदिल होतो.

रकान्याची जात प्रथम मुक्रर करावी. ओलावा हा अंक, खरेदीचा दिवस ही तारीख. पण प्रत मात्र ठरावीक यादीतूनच निवडू द्यावी, कारण एक कारकून ‘कांडी’, दुसरा ‘कांडी हळद’ लिहू लागला, की महिनाअखेरची बेरीज दुभंगलीच म्हणून समजावे. रकाना सक्तीचा करण्याचा मोह तर विशेष घातक: ओलावा मोजलेलाच नसताना गर्दीच्या दिवशी माणूस निमूटपणे शून्य ठोकून देतो, आणि हे शून्य कोऱ्या जागेपेक्षा अधिक खोटे असते.