मागे दोर लोंबत असताना विमान कसे उतरवतात?



इंजिन नसलेल्या विमानाला ग्लायडर म्हणतात. "मग ते वर जातं कसं?" हा मुलांचा हमखास येणारा प्रश्न. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली विंचची. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले यंत्र लांब तार झपाझप गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे ही पद्धत वापरली गेली आहे.

दुसऱ्या पद्धतीत इंजिन असलेले छोटे विमान ग्लायडरला दोराने ओढत वर नेते. त्याला टो प्लेन म्हणतात. पायपर पॉनी हे विमान १९५९ पासून पिकांवर फवारणी करण्यासाठी बनवले जात होते, पण ताकद चांगली असल्याने पुढे ते जगभर ग्लायडर ओढायलाही वापरले गेले.

साधारण ६०० मीटर उंचीवर ग्लायडर दोर सोडते आणि आपल्या वाटेने जाते. आपल्याला वाटते, टो प्लेनचे काम संपले. पण खरी काळजी इथून पुढे सुरू होते, कारण साधारण ६० मीटरचा दोर आणि त्याच्या टोकाची लोखंडी कडी अजून विमानामागेच लोंबत असते.

आपल्याकडे ऊस हंगामात गंगाखेड, पाथरी भागात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याने दिसतात. वळणावर ट्रॅक्टर पुढे निघून जातो, पण मागची ट्रॉली अजून रस्ता अडवून असते. "ट्रॅक्टर गेला" म्हणून कुणी गाडी घातली की घात होतो. टो प्लेनचेही तसेच आहे. विमान कुंपणावरून सुखरूप गेले म्हणजे दोर गेला असे नाही.

हे गणिताने पाहू. समजा, दोराचे टोक विमानाच्या ६० मीटर मागे आणि १० मीटर खाली आहे. विमान दर २० मीटर पुढे जाताना १ मीटर खाली येते. कुंपणावर असताना विमानाची उंची १२ मीटर आहे. वाटते, दोर २ मीटर वरून जाईल. पण टोक कुंपणापाशी पोहोचेपर्यंत विमान ६० मीटर पुढे गेलेले असते, म्हणजेच ३ मीटर खाली आलेले असते. उंची राहिली ९ मीटर. दोर तर १० मीटर खाली लोंबतोय! म्हणजे तो कुंपणात अडकणारच. कुंपण २ मीटर उंच असेल, तर विमान तिथे १५ मीटरपेक्षा वरच हवे. आता मुलांना विचारा, कुंपणाच्या जागी ८ मीटर उंचीवर विजेची तार असेल तर? उत्तर येईल, २१ मीटरपेक्षा जास्त.

म्हणून वैमानिक पुढील काळजी घेतो.

१. ग्लायडर खरोखर सुटले का, याची आरशात पाहून खात्री करतो. अनेक ठिकाणी टो प्लेन डावीकडे आणि ग्लायडर उजवीकडे वळते, म्हणजे टक्कर टळते.

२. दोरासह उतरायचे असेल, तर तारा, झाडे, रस्ता यांच्यावरून जास्त उंचीने येतो आणि धावपट्टीवर थोडे पुढे टेकतो. त्यामुळे तेवढी लांब धावपट्टी लागते.

३. नाहीतर मैदानात ठरवून दिलेल्या मोकळ्या जागी आधी दोर टाकतो, मग फेरी मारून उतरतो. त्या जागेत कुणीही उभे राहायचे नाही. काही विमानांत दोर आत गुंडाळून घेण्याची सोय असते.

४. उतरणाऱ्या ग्लायडरला आधी वाट देतो. ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे चुकले तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही.

५. इंजिन एकदम गार पडू नये म्हणून बेताबेताने खाली येतो.

यात सवयीचाही धोका आहे. टो प्लेनची एक फेरी थोड्या मिनिटांची असते आणि दिवसभरात अशा कितीतरी फेऱ्या होतात. दहाव्या फेरीला माणूस म्हणतो, "हे तर रोजचंच." दोर विसरला जातो तो इथेच. म्हणून दर वेळी इंधन, वारा, दोर आणि मोकळी धावपट्टी हे सगळे नव्याने तपासायचे असते.

वर्गात करून पहा: पुठ्ठ्याच्या विमानाला ६० सेंटिमीटर सुतळी बांधा, टोकाला जुनी किल्ली अडकवा. उभ्या ठेवलेल्या वहीचे कुंपण करा. विमान हळूहळू खाली आणत वहीवरून न्या. वही कधी पडते आणि किती उंचीवरून नेले तर पडत नाही, हे मुलांनाच मोजू द्या.

मग त्यांना रस्त्यावर आणा. रस्ता ओलांडताना ट्रॅक्टर गेला की निघायचे, की शेवटची ट्रॉली गेल्यावर? पालकांनो, हा प्रश्न घरीही जरूर विचारा. हंगामात आपली लेकरं याच रस्त्याने शाळेत येतात.