वरच्या खोलीचे वजन

विलायतेत घर अपुरे पडू लागले की माणसे उतरत्या छपराखालच्या पोकळीकडे बघतात, भोपाळच्या अयोध्या नगरात गच्चीकडे. मध्यप्रदेश गृहनिर्माण मंडळाच्या या वसाहतीत छोटी घरे एकमेकांना खेटून ओळीने उभी आहेत, छते सपाट आहेत आणि माळा म्हणजे फार तर जास्तीच्या गाद्या, पिंपे आणि गणपतीच्या आराशीचे खोके टाकायची जागा. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही माळा तेवढाच आहे: सामानासाठी, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. राहत्या खोलीला मात्र 2.75 मीटर उंची लागते. त्यामुळे मुलाचे लग्न ठरले किंवा भाडेकरू ठेवायचा झाला, की वरच चढावे लागते. आधी पत्र्याची शेड येते, पुढच्या वर्षी शेडला विटांच्या भिंती लागतात, आणि कधीतरी पत्रा उतरून स्लॅब पडतो. यातल्या कुठल्याच टप्प्यावर घरमालकाला आपण नवे बांधकाम काढले असे वाटत नाही. बांधकाम परवानगीचा नियम मात्र पहिल्या पत्र्यापासूनच लागू होतो, कारण इमारतीच्या व्याख्येत साहित्य कोणते आणि वापर कशासाठी याला महत्त्व नाही.

अशा खोलीसाठी ‘नक्शा पास’ करून घ्यावा का, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नगर निगमची फाइल आणि हेलपाटे येतात. प्रश्न खरे तर वजनाचा आहे. बारा फूट बाय दहा फुटांची एक साधी खोली घ्या. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे 310 किलो, म्हणजे नुसते छतच साडेतीन टनांच्या आसपास जाते. नऊ इंची विटांची पावणेतीन मीटर उंच भिंत दर धावत्या मीटरला बाराशे किलो भरते. दारे-खिडक्या वगळल्या तरी चार भिंतींचे चौदा टन होतात. पलंग, कपाट आणि पाण्याची टाकी मोजण्याआधीच सतरा-अठरा टन वजन खालच्या भिंतींवर बसते. खालची मधली भिंत साडेचार इंची असेल तर ती आडोशाची आहे, भार घेणारी नाही. गिलाव्यावरून हा फरक दिसत नाही. त्यातून भोपाळच्या आसपास काळी माती बऱ्याच भागांत आढळते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया किती खोल आहे याला फार अर्थ असतो. शिवाय रांगेतल्या घराची भिंत पुष्कळदा शेजाऱ्याचीही असते. माझी गच्ची, माझी मर्जी, हे म्हणणे तिथेच लंगडे पडते.

इंग्लंडमध्ये परवानगी आणि वजन हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. रांगेतल्या घराच्या छपराखाली 40 घनमीटरपर्यंत आणि सुट्या किंवा जोडघराला 50 घनमीटरपर्यंत वाढ करायला, काही अटी पाळल्या तर, नियोजन खात्याची स्वतंत्र परवानगी बहुधा लागत नाही. पण तुळया, जिना आणि आगीत बाहेर पडायची वाट यांची तपासणी चुकत नाही, आणि सामाईक भिंतीला हात लावायचा तर 1996 च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. नगररचनेत खोली बसते का हा एक प्रश्न, आणि घर ती पेलते का हा दुसरा. आपल्याकडे दोन्ही एकाच फाइलीत जातात, आणि दुसऱ्याचे उत्तर बऱ्याचदा अभियंत्याच्या एका सहीवर निभावते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बांधून टाकावे आणि मग दंड भरून नियमित करून घ्यावे. मध्यप्रदेशात तशी तरतूद आहे. तिला प्रशमन म्हणतात, आणि 2021 मध्ये तिची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांपर्यंत वाढवली गेली. पण रस्त्याच्या हद्दीत किंवा सरकारी जमिनीवर गेलेले बांधकाम त्यात बसत नाही, आणि दंडाची पावती भिंतीची ताकद वाढवत नाही. मालमत्ता कराच्या पावतीचेही तेच. कर घेतला म्हणजे बांधकाम मान्य केले असे होत नाही. मेरठच्या शास्त्री नगरात आवास परिषदेने राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकाने उभी राहिली. त्या खटल्यात 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की बांधकामाला बरीच वर्षे झाली किंवा अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. बँकांनीही पूर्णत्वाचा दाखला पाहूनच कर्ज द्यावे, असे त्याच निकालात आहे. त्याआधी महिनाभर, 13 नोव्हेंबरला, पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी असे न्यायालयाने सांगितले होते. तो निकाल घरमालकाला श्वास घ्यायला वेळ देतो, खोली वाचवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. भोपाळचा विकास आराखडा 2005 पर्यंतचा. ते वर्ष उलटल्यावरही शहर वर्षानुवर्षे त्याच्यावरच चालले; 2031 साठीचे मसुदे 2020 आणि 2023 मध्ये आले आणि हरकतींत अडकले. सरकारला स्वतःचा नकाशा वेळेवर करता येत नाही, तर सामान्य माणसाने का करावा? चीड रास्त आहे. पण आराखडा रेंगाळला म्हणून वरच्या खोलीचे वजन कमी होत नाही. या आक्षेपातून निघते ते एवढेच, की घरमालकावर टाकलेल्या ओझ्यातला मोठा वाटा मुळात त्याचा नाही.

अयोध्या नगरासारख्या वसाहतीत एकाच नमुन्याची घरे मोठ्या संख्येने आहेत. पाया किती खोल, कुठली भिंत नऊ इंची, स्लॅबमध्ये सळई कशी टाकली, हे ती बांधणाऱ्या मंडळाने एकदा ठरवलेले असते. तरी प्रत्येक घरमालक स्वतंत्र वास्तुविशारद गाठतो, तो अंदाजाने पाया दाखवतो, आणि तोच अंदाज शेजारच्या फाइलीत पुन्हा जातो. त्याऐवजी मंडळाने प्रत्येक नमुन्याची मूळ रेखाचित्रे खुली करावीत. वर एक मजला चालतो का, चालत असेल तर जिना कुठून काढायचा, टाकी कोणत्या भिंतीवर ठेवायची, याचा एक मान्य नकाशा नमुन्यागणिक तयार करावा. त्याबरहुकूम बांधणाऱ्याला निगमने ठराविक शुल्कात ऑनलाइन मंजुरी द्यावी. जो वेगळे काही करील त्यानेच पूर्ण तपासणीला सामोरे जावे.

मंडळ म्हणेल, घरे देऊन झाली, जबाबदारी संपली. शिवाय मधल्या काळात लोकांनी भिंती तोडल्या, ओटे वाढवले, मूळ रेखाचित्र आता काय कामाचे? म्हणूनच मंजुरीआधी अभियंत्याने एकदा जागेवर येऊन घर रेखाचित्राशी ताडून पाहावे, दोन ठिकाणी पाया उघडून बघावा. मूळ कागद हाती असेल तर हे एका दुपारचे काम आहे. नसेल तर त्याला भिंतीवर टिचक्या मारूनच निदान करावे लागते. अनेक घरे अजून भाडेपट्ट्यावर आहेत आणि ती फ्री-होल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घ्यायला मालकांना मंडळाच्या दारात जावेच लागते. त्याच खेपेला घराच्या कागदांसोबत पायाचे रेखाचित्रही हातात ठेवायला मंडळाला नवा कायदा लागत नाही.