ईदचा डबा आणि नगांचा हिशेब

मेहकरहून खामगावकडे जाताना जानेफळ लागते. आसपासची खेडी सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा पिकविणारी. त्या पिकाच्या पैशावरच येथील किराणा, कापड, भांडी, कृषी केंद्रे आणि शिलाईची दुकाने चालतात. यापैकी एका शिलाई दुकानातील हकीकत आमच्या कानावर आली. मालक आमचे परिचित असल्यामुळे नाव लिहीत नाही.

रमजानचा शेवटचा आठवडा होता. मशिनी रात्री सहरीपर्यंत चालत होत्या. मालकाने चांगल्या मनाने प्रत्येक कारागिराला एक डबा दिला. शेवया, खारीक, खोबरे, चारोळी, बदाम, वर एक अत्तराची कुपी. मात्र नगांचा हिशेब त्यांनी ईदनंतर करू म्हणून ठेवला, कारण गिऱ्हाइकांकडून वसुली बाकी होती. सर्वांनी डबे घेतले. एका कारागिराने मात्र डबा मशिनीच्या फळीवरच ठेवला आणि निघून गेला. ईदनंतर तो कामावर आला नाही, हिशेबाला तेवढा आला.

मालक आम्हाला म्हणाले, "भाईसाहेब, मी काय कमी केले? दुसरा कोण देतो एवढे?"

आम्ही त्यांना विचारले, "त्या दिवशी त्याचे किती निघत होते?" आकडा ऐकल्यावर आणखी काही विचारण्याची गरज राहिली नाही. डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मालकाकडे अडकली होती, आणि घरी मुलांचे कपडे व्हायचे होते. दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे शिवणाऱ्याच्या मुलांचे कपडे!

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. एकमेकांना भेटी द्या, त्याने प्रेम वाढते, हीही त्यांचीच शिकवण. दोन्ही एकाच घरच्या आहेत. पण पहिली पाळल्याशिवाय दुसरीकडे वळता येत नाही. देणे बाकी ठेवून दिलेली भेट घेणाऱ्याला भेट वाटत नाही. आपलाच पैसा दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या पसंतीने परत आला असे त्याला वाटते.

खरे तर ही गोष्ट आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. पैसे किती, धान्य किती, हे त्याच दिवशी बोलून होते. पुढे पोळ्याला गड्याला नवे कपडे मिळतात, पोळा फुटल्यावर बैल घेऊन तो दारोदार जातो तेव्हा बोजारा मिळतो. बोजाऱ्याचे पैसे सालातून वळते करणारा मालक गावात तोंड दाखवू शकणार नाही. ठरलेले वेगळे आणि खुशीचे वेगळे, हा हिशेब निरक्षर गडीही जाणतो. मग दुकानात आणि कारखान्यात आल्यावर आपण तो का विसरतो?

दुसरी बाजूही आहे. खुशीने दिलेली वस्तू दरवर्षी त्याच दिवशी मिळू लागली की घेणारा तिच्यावर घर चालवू लागतो. मुंबईच्या गिरणीमालकांना हा अनुभव फार महागात पडला. पहिल्या महायुद्धातील महागाई पाहून त्यांनी १९१७ साली पगारावर दहा टक्के जादा रक्कम सुरू केली. पुढे नफ्याची वर्षे आली आणि वर्षाकाठी एक महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळू लागला. १९२३ चा नफा घसरल्याचे सांगून मालकांनी तो नाकारला, आणि जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ गिरण्या बंद होत्या. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की या बोनसवर कामगारांचा कायद्याने अथवा रूढीने हक्क सिद्ध होत नाही. कागदावर मालक जिंकले. पण ज्या कामगाराने त्या महिन्याच्या पगारावर कर्ज फेडण्याचा बेत केला होता, त्याला समितीचा निर्णय काय उपयोगाचा?

अखेर १९६५ च्या बोनस कायद्याने तो हक्क झालाच. आज किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, पुन्हा तोच एक महिना. २०१९ च्या वेतन संहितेनेही हा दर कायम ठेवला. सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो, त्यामुळे जानेफळसारख्या गावातील चार-सहा मशिनींच्या दुकानांना कायदा विचारणार नाही. तरीही आमचे मत असे की ज्याला दरवर्षी देणे जमणार आहे त्याने ते कामावर घेतानाच सांगून टाकावे आणि मजुरीत धरावे. ज्याला खात्री नाही त्याने तारीख आणि आकडा बांधून घेऊ नये. यंदा बरकत झाली, यंदा देतो, असे म्हणून द्यावे.

आता तारखेचाच प्रश्न. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, पीक मात्र सरकत नाही. २०१८ साली ईद १६ जूनला आली. तो पेरणीचा काळ. शेतकऱ्याचा सगळा पैसा बी-खतात, दुकानदाराची वही उधारीने भरलेली आणि गल्ला रिकामा. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला आली. तूर-हरभरा विकून झालेला, गावात पैसा खेळता; मात्र त्याच दिवशी आर्थिक वर्षाची अखेर, त्यामुळे वह्या मिटविण्याची घाई वेगळी. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल. याचा अर्थ येणारी काही वर्षे आपल्या भागातील व्यापाऱ्याला ईदपूर्वी हिशेब चुकता करणे पूर्वीपेक्षा सोपे जाणार आहे. सोयाबीनचा पैसा बाजारात येतो त्या दिवाळीच्या सुमारासच एक वेगळे पाकीट करून त्यात दर आठवड्याला थोडे टाकले, तर रमजानच्या विसाव्या रोजाला हिशेब पुरा करता येतो. डबा त्यानंतर चार-पाच दिवसांनी द्यावा. आणि डबा सर्वांना सारखा असावा, काज-बटन करणाऱ्या पोराला आणि कटिंग मास्टरलाही. रक्कम नगांप्रमाणे होते, भेट नगांप्रमाणे करू नये.

दुकानात हिंदू नोकर असेल तर त्याला त्याच्या दिवाळीला तेवढेच द्यावे. ईदला दिले की झाले, असे म्हणू नये. त्याचा खर्च दिवाळीत असतो.

गिऱ्हाइकांसंबंधी थोडक्यात. आमच्या पाहण्यातील सर्वांत उपयोगी भेट म्हणजे सहरी-इफ्तारचे वेळापत्रक. खर्च नगण्य, आणि महिनाभर दुकानाचे नाव घराच्या भिंतीवर. पण तेही वेळेत हवे. शाबान संपता संपता वाटले तर भिंतीवर लागते, चौथ्या रोजाला दिले तर पहिल्या दुकानदाराच्या वेळापत्रकाखाली जाते. उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाला वसुलीच्या दिवशी भेट देऊ नये. त्याला ती तगाद्यासारखी वाटते. कृषी केंद्रवाल्यांना कंपन्यांकडून मिळणाऱ्या सहली आणि वस्तू हा निराळाच विषय आहे. १ जुलै २०२२ पासून नियम असा की वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक किमतीचा असा लाभ व्यवसायाच्या निमित्ताने दिला तर देणाऱ्याने दहा टक्के आयकर कापून भरायचा. एक कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्याला यातून सूट आहे. जीएसटीत नोकराला वर्षाला पन्नास हजारांपर्यंत दिलेल्या भेटीवर कर नाही, पण भेट म्हणून वाटलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. आपल्या हिशेबनीसाला हे विचारून घ्यावे.

शेवटी त्या भेटीविषयी, जिच्याबद्दल व्यापारी हळू आवाजात बोलतात. साहेबांच्या घरी पोहोचविलेला डबा! प्रेषितांच्या काळात जकात गोळा करण्यास गेलेला एक अंमलदार परतला आणि म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. त्यावर प्रेषितांनी विचारले की तो आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? आम्हाला याहून सोपी कसोटी माहीत नाही. माणूस खुर्चीवर नसता तर आपण डबा पाठविला असता का, एवढेच स्वतःला विचारावे. नाही असे उत्तर आले तर त्या डब्याचे नाव लाच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात देणाराही गुन्हेगार आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. ज्याला जबरदस्तीने द्यावे लागले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना अथवा तपास यंत्रणेला कळविले तर त्याचा बचाव होतो. मोठ्या दुकानाच्या खरेदी करणाऱ्या मुनिमाला द्यायचे असेल तर त्याच्या शेठच्या देखत द्यावे. देखत देणे अवघड वाटत असेल तर देऊ नये.

शिलाई दुकानाच्या मालकांना आम्ही विसाव्या रोजाचे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढून त्यांनी दोन नावे दाखविली. लग्नाचे कपडे शिवून नेलेले, पैसे न दिलेले. "यांची वसुली झाली असती तर कारागीर गेला नसता," ते म्हणाले. दोन्ही घरे गावातील खात्यापित्या माणसांची होती, आणि त्यापैकी एकाने त्या ईदला आपल्या नोकरांना वाटलेले कपडे याच दुकानातून उधारीवर शिवून नेले होते.